नितीन ‘येतो’ म्हणाला होता

रविवार, संध्याकाळ

पाय सुजलेत, पण डोक्यातून जात नाही ते दुसरंच. तो ‘येतो’ म्हणाला होता.

डोंगरवाटांवरची पन्नास किलोमीटरची माझी पहिलीच शर्यत. नाव दिलं ते मावसभावाच्या, नितीनच्या भरवशावर. पांडवलेणीच्या चढावर सराव करताना रोज त्याचं एकच पालुपद, "ताई, चढ चालायचा, उतार पळायचा आणि शेवटपर्यंत जोडीनं."

आज निम्म्या वाटेवर पाणी प्यायला थांबलो. "ताई, येतो गं," म्हणाला आणि झाडीत शिरला. मला वाटलं, लघवीला गेला असेल. बसले वाट बघत. किती वेडी मी! शेवटी लिंबूपाणी देणाऱ्या मावशीच म्हणाल्या, "कोणाची वाट पाहती, बाई? ते तर कवाच डोंगर चढून गेले."

मग जीव तोडून पळाले. चढसुद्धा पळाले. पुढच्या टप्प्यावर पोचायची ठरलेली वेळ संपली म्हणून मला जीपमध्ये बसवलं.

आणि आत्ता साहेब गळ्यात मेडल घालून घरी हजर! "अगं, सांगून गेलो की. येतो म्हणालो ना?"

बरोबर आहे. निघताना ‘जातो’ कोण म्हणतं आपल्यात? पण जोडीनं पळणाऱ्याच्या ‘येतो’चा मी दुसरा काय अर्थ लावायचा होता?

चहा पिऊन उठला. चपला घालताना सवयीनं म्हणाला, "चल ताई, येतो."

आई आतून म्हणाली, "ये रे."

मी म्हटलं, "जा."