मोठ्या अक्षरांचा फोन

आबा, तुम्ही शिवलेला शेवटचा शर्ट मी अजून सणासुदीला घालतो. बटणं पोटावर भांडतात, पण ते चालवून घेतो. माझा नवा फोन मात्र त्याच्या खिशात बसत नाही. अर्धा आत, अर्धा बाहेर. वाकलो की गल्लीतल्या पुढाऱ्यासारखा आधी तोच पुढं येतो. म्हणून हातातच धरून हिंडतो, पोरं पाटी घेऊन शाळेत जायची तसा. खोटं कशाला बोलू, या पाटीनं सुखही दिलंय. पेपर लांब धरून धरून हात पुरेनासे झाले, तेव्हा हा आला. अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलीत. पुण्यातला तुमचा नातू त्यावर दिसला की आई पडद्याला पदर लावून त्याचं नाक पुसते. जुन्या फोनवर पोराला नाक आहे हेच कळत नव्हतं.

केजला स्टँडमागं आपलं दुकान होतं ते दिसतं मला. तुम्ही टेप लावताय, आकडा बोलताय, मी लिहितोय. पोट सुटलेलं गिऱ्हाईक आलं की तुमचा आवाज खाली यायचा. गळा, बाही, छाती सगळ्या बाकड्याला ऐकू जायची. कंबर तेवढी माझ्या कानात. एकदा मी तो आकडा मोठ्यानं म्हणालो आणि वर विचारलं, "आबा, टेप पुरंल का?" बाकडं खदखदून हसलं. मला वाटलं, मैदान मारलं. गिऱ्हाईक गेल्यावर तुम्ही कात्री खाली ठेवलीत. "माणूस माप द्यायला आलाय, जत्रंला न्हाई." मी मान खाली घातली. पुढं मोठा होऊन धंदा मात्र तोच केला. लोकांच्या कमरा मोठ्यानं वाचून दाखवतो. लोक त्याला विनोदी लेखन म्हणतात आणि शाल देतात.

लेकीच्या लग्नाआधीची गोष्ट. केजहून काळी-पिवळी जीपमध्ये बसलो होतो, बीडला परत यायला. तुमचे ते पोस्टातले दोस्त, आमचे काका, त्यांना आमंत्रण द्यायचं राहिलं होतं. धाकट्या भावानं पुण्याहून विचारलं होतं, काकांचं काय करायचं? मी गाडीतच लिहायला घेतलं. नेकनूरला गाडी थांबली. ड्रायव्हर ओरडला, "ओ साहेब, सरका की जरा, म्हाताऱ्या माणसाला बसू द्या." मी मान वर न करता मांडी सरकवली आणि लिहीत राहिलो: "काकांना बोलवायचंच, पण माइकच्या आसपास फिरकू द्यायचं न्हाई. ते बोलायला लागले की नवरानवरीला नातवंडं होतात. कवळी निसटली तरच थांबतात." वाचून मी स्वतःशीच हसलो. एका ओळीत दोन-तीनच शब्द मावतात, त्यामुळं माझा विनोद भिंतीवरच्या जाहिरातीएवढा दिसत होता. शेजारून आवाज आला, "जयभीम बाळा. अक्षर बरं मोठं ठिवलंस. मला चष्म्याबिगर वाचता आलं."

काका होते. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आबा. तो असता तर मी उलटा मारला असता, तेवढं येतं मला. मी फोन मांडीवर पालथा घातला. एवढा मोठा फोन पालथा घातला तरी लपत नाही. "काका, ते आपलं... गंमत," मी म्हणालो. "हां, गंमतच की," ते म्हणाले. "पोरगी कशी हाय? लई आनंद झाला." बीडच्या अलीकडंच, मांजरसुंब्याला त्यांनी गाडी थांबवायला लावली. "तुमी तर बीडला..." मी म्हणालो. "न्हाई रे, हितंच काम हाय." मला ठाऊक होतं, तिथं त्यांचं काही काम नव्हतं. मी उतरलो नाही. शेजारच्या बाईनं माझ्याकडं बघून तोंड फिरवलं. तिनंही वाचलं असावं.

दुसऱ्या दिवशी पत्रिका पाठवली, तीसुद्धा फोनवरच. काका लग्नाला आले, पांढऱ्या कपड्यांत, सगळ्यांच्या आधी. त्रिशरण-पंचशील झालं, फुलं पडली, आणि कुणीतरी सवयीनं माइक त्यांच्यापुढं धरला. त्यांनी हात जोडले. "मंगल असो. लोकांना भूक लागली असंल, जेवू द्या." बस, एवढंच. व्याही खूश, वऱ्हाड खूश, सगळे म्हणाले, कार्यक्रम कसा वेळेत झाला.

जेवणं सुरू झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं. काका कुणाच्याही लग्नात बोलले तरी शेवटी यायचे तुमच्यावरच. "मला नोकरीच्या मुलाखतीला जायला कोट नव्हता, ह्याच्या बापानं उरल्यासुरल्या कापडातून रात्रीत शिवून दिला." आम्ही घड्याळं बघत ते ऐकायचो. तेवढं म्हणायला त्या भागात तेच एक उरले होते. तुमच्याच नातीच्या लग्नात तुमचं नाव कुणीच घेतलं नाही. मला माइक घेता आला असता, पण मी फोन धरून व्हिडिओ काढत होतो.

व्हिडिओ फार स्वच्छ आलाय. काका हात जोडतात तिथं मी तो रोज थांबवतो. दोन बोटं ताणली की त्यांचा चेहरा मोठा होईल. अजून माझी बोटं तिथं गेलेली नाहीत.