पुस्तकातला बाप

तू शेत पेटवलंस म्हणे, बा. स्वतःच्या हातानं, सरकारच्या नाकावर टिच्चून! तसं पुस्तकात छापलंय, खाली तुझा फोटोही आहे. धोतर खोचलेलं, हातात पेटती पेंढी, मागं धुराचा लोट. पुस्तक लिहिणाऱ्या पुण्याच्या बाई म्हणतात, धरणाच्या पाण्याला देण्यापेक्षा त्यानं जमीन आगीला दिली. वाचून माझंच डोकं पेटलं. अहो बाई, तो राब होता! भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, झाडांच्या फांद्यांचा वाळला टहाळ, पालापाचोळा पसरून दर वैशाखात खोऱ्यातला प्रत्येक जण भाजायचा, तो राब. आपल्याकडच्या शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं.

तुला नवल वाटेल, पण मी वाचते. चौथीत शाळा सुटली तरी अक्षर राहिलं. इथं खोडदला आमची पिठाची गिरणी आहे. दळणं नसली की दुपारी वाचत बसते. सून जुन्नरच्या वाचनालयातून पुस्तकं आणते. तिथल्या बाई मुद्दाम अन्यायाची, मोर्चाची, घरदार गेलेल्या माणसांची पुस्तकं काढून देतात, म्हणतात, सासूबाईंना आपलीशी वाटतील. मला आधी संशयच येतो. त्यांतली गरीब माणसं कधी हसत नाहीत, एकमेकांचा बांध कोरत नाहीत, आणि मरताना एवढं लांबलचक बोलतात की वाटतं, ह्याला दम कुठून आला? आपली आजी मेली तेव्हा “म्हशीला पाणी दावा” एवढंच बोलली होती. पण एका पुस्तकात एक बाई तान्हं पोर पुरून येते आणि तशीच हंडा घेऊन नळावर जाते, कारण पाणी गेलं की दिवसभर यायचं नाही. तिथं मी पुस्तक मिटलं आणि रिकामीच गिरणी चालू केली, माझं रडणं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. ते कुणीतरी डोळ्यांनी बघितलेलं होतं. म्हणूनच तुझ्या पानाचा जास्त राग आला.

त्या पुण्याच्या बाई घरी येऊन गेल्या. वाईट नाहीत, खाली बसून जेवल्या, भाकरी मागून घेतली. म्हणाल्या, “ताई, रविवारी जुन्नरला पुस्तकाचा कार्यक्रम आहे. खोऱ्यातली सगळी माणसं येणार. वडिलांनी शेत का पेटवलं, एवढंच दोन शब्दांत सांगा.”

“पेटवलं न्हाई वो. राब भाजला त्यांनी.”

 बाई हळूच म्हणाल्या, “पण जमीन त्याच पावसाळ्यात बुडणार, हे त्यांना माहीत होतं ना? मग राब कशाला भाजला?”

मी ताटं उचलून मोरीत नेली. त्या गेल्यावर भाऊ माझ्यावरच उखडला. “तुझं काय जातंय दोन शब्द बोलायला? बाप मोठा हुतोय तर हू दे की!” मी म्हटलं, समोर खोऱ्यातली म्हातारी माणसं बसणार, राबाला आग म्हटलं तर बापालाच हसतील. तो म्हणाला, “आता कोण हसतंय? सगळ्यांनाच तसं पाहिजे हाय.”

तेव्हापासून तोच दिवस डोक्यात फिरतोय. त्या वर्षी खोऱ्यात दुसऱ्या कुणी टहाळ तोडला नव्हता. माणसं घरांचे वासे उतरवून ट्रकात भरत होती. आणि तू मला घेऊन रानात जातोस. मी डोक्यावर वाळल्या टहाळाचे भारे आणते, मान दुखते, आई ओरडते, “येड लागलंय का तुमाला? भांडी कोण बांधणार?” शेजारचा काका उघड्या आढ्यावर बसून विचारतो, “काय राव, औंदा मासं पेरणार व्हय?” सगळे हसतात. तूही हसतोस. मी पाट्या टाकल्यासारखा टहाळ भराभर टाकत सुटते, तर पाठीत तुझा धपाटा बसतो. “दाट पसर! खाली भुई दिसतीया. हितं रोप न्हाई उगवायचं.” रोप न्हाई उगवायचं म्हणे! मग तू राब पेटवलास आणि धूर बघून तो फोटोवाला आला. “बाजूला व्हा, धूर खाल,” एवढंच तू त्याला म्हणालास.

आता तूच सांग. भातासाठी भाजलास, तर भात खाणार कोण होतं, पाणी? आणि सरकारला दाखवायला भाजलास, तर टहाळ विरळ पडला म्हणून मला का मारलंस? पुढं लोणीकडं सरकारनं बदल्यात दिलेल्या जमिनीत तू बाजरी केलीस, कितीतरी वर्षं जगलास, पण त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाहीस. मला तुझाच संशय येतो, बा. काहीतरी मनात धरून तू ते केलंस आणि आम्हाला वेडेपणा वाटू दिलास. नाहीतर वैशाख आला म्हणून हात आपसूक तिकडं गेले, दुसरं काही सुचलंच नाही. दोन्ही तुला शोभतं. इथं गावात आभाळातलं ऐकायला रेडिओ-दुर्बिणीच्या एवढाल्या छत्र्या लावून ठेवल्यात, पण तुझं काही त्यांत येत नाही.

एक कुणाला सांगितलेलं नाही. ते पान मी इतक्यांदा वाचलंय की आता तो दिवस आठवायला बसले तर तुझ्या तोंडावरचं हसू दिसत नाही. राग दिसतो. तो तेव्हा होता की बाईंनी घातला, मला कळेनासं झालंय. रविवारी माईक हातात आला की माझ्या तोंडून कुठला बाप बाहेर पडेल, सांगता येत नाही. हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मला कळतं. पण तू कसंही कर, शनिवारी दिवस मावळायच्या आत मला सांग. राब होता की आग होती?