नमुन्याचं घर

३ मे

आले एकदाची. शिवणयंत्र टेम्पोतून उतरवत होते तेव्हा माझा जीव त्याच्या चाकात अडकला होता, पण आलं धडधाकट. आमची गल्ली उड्डाणपुलाच्या खांबाखाली गेली तेव्हापासून मी धाकट्या बहिणीकडे होते. तिनं तोंड वाकडं केलं नाही कधी, पण दुसऱ्याच्या दोरीवर आपले कपडे वाळत घालायचे म्हणजे चिमटेसुद्धा मोजून वापरावे लागतात.

भिंगऱ्यानं शब्द पाळला. भिंगऱ्या म्हणजे माझा मुलगा. लहानपणी एका जागी ठरायचा नाही म्हणून मी ठेवलेलं नाव. आता तो बिल्डरकडे फ्लॅट विकतो, या इमारतीच्या कमिटीचा सेक्रेटरीही तोच, लोक त्याला साहेब म्हणतात. मला कुठलं जमायला. तो आणि सूनबाई वर अकराव्या मजल्यावर राहतात. सूनबाईला सातवा महिना लागलाय, ही आणखी गोड बातमी. मला तळमजल्यावर स्वतंत्र घर दिलंय. म्हणाला, आई, लिफ्ट बंद पडली तर तुझ्या गुडघ्यांनी माझ्या नावानं शंख करायला नको.

घर मात्र गमतीचं आहे. हा नमुन्याचा फ्लॅट, गिऱ्हाइकांना दाखवायला सजवलेला. टीव्ही पुठ्ठ्याचा. टोपलीतली सफरचंदं प्लास्टिकची. एक उचलायला गेले तर अख्खी टोपली हातात आली. फळीवर पुस्तकं बघून हरखले. मी रद्दीच्या कागदावर झबल्यांची मापं कापता कापता अक्षरं शिकलेली बाई, पुस्तक दिसलं की हात जातोच. तर त्या नुसत्या पाठी, आत पोकळ. बैठकीतली मोठी खिडकी तर खिडकीच नाही. भिंतीवर तळ्याचं चित्र चिकटवून वर पडदा सोडलाय. खरी खिडकी आतल्या खोलीत, तिला लोखंडी जाळी आणि समोर कंपाउंडची भिंत.

हसून हसून पुरेवाट झाली. पण नळाला पाणी खरं आहे, आणि दार लावलं की माझं आहे.

११ मे

शेजारी एक निवृत्त मास्तरीणबाई राहतात, एकट्याच. मधली भिंत इतकी पातळ की त्यांना शिंक आली की मी इकडून जपून म्हणते. आता सकाळचा चहा झाला की त्या भिंतीवर टकटक करतात, मीही करते. तेवढंच आमचं सुप्रभात.

त्या सांगत होत्या, या जागी पूर्वी तळं होतं. शाळेची सहल आणायच्या त्या इथे. मग शहर वाढलं, तळं बुजवलं. कशानं म्हणून विचारलं, तर मोडलेल्या वस्त्यांच्या राडारोड्यानं. म्हणजे माझी गल्लीही इथेच कुठेतरी पायाखाली असेल. मी म्हटलं, बघा, फिरून फिरून माझ्याच घरावर येऊन बसले.

दुपारी भिंगऱ्या गिऱ्हाईक घेऊन आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आमच्या आई स्वतः इथे राहतात, आणखी काय खात्री देऊ. ऊर भरून आला माझा.

५ जून

शहरात तापाची साथ आली. फाटक बंद, लिफ्टमध्ये एकेकटं जायचं, तोंडं झाकलेली. भिंगऱ्या सगळ्यांसाठी धावाधाव करतोय. मलाही स्वस्थ बसवेना. पडद्याचं हिरवं कापड उरलं होतं, त्याची दुहेरी शिलाई घालून लांब फडकी शिवली, प्रत्येक घराला एक. सकाळी उठलं, बरं असलं, की आपल्या दाराच्या बाहेरच्या कडीला बांधायचं, संध्याकाळी सोडून घ्यायचं. ज्या दाराला फडकं नाही तिथे काहीतरी बिनसलंय, वॉचमननं लगेच पालिकेच्या पथकाला बोलवायचं. एकटंदुकटं माणूस आत पडून राहायला नको.

सगळ्यांनी कौतुक केलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, हजेरीच की हो ही. पहिलं फडकं भिंगऱ्यानं बांधलं आणि मला हसू आलं. अजून तीच गाठ. तो डावखुरा, शाळेत बुटाची नाडी सुटून सारखा पडायचा. मग मी त्याला माझी गाठ शिकवली होती, उलट्या हाताची, दोन फास आणि टोक आत खोचलेलं. ओढली की आणखी आवळते. सोडवायची तर खोचलेलं टोक बाहेरून, वरच्या अंगानं काढावं लागतं. ही गाठ आम्हा दोघांनाच येते.

२२ जून

तिसऱ्या मजल्यावरच्या एका दाराला फडकं नव्हतं. पथक आलं, नवराबायकोला घेऊन गेलं. दोघं वाचतील म्हणतात. माझं शिवणकाम कामी आलं.

पण पालिकेनं इमारतीला बंदीची पट्टी लावली, कोणी आत यायचं नाही की बाहेर जायचं नाही. गिऱ्हाइकं यायची थांबली, मागच्या नव्या इमारतीतले फ्लॅट पडून राहिले. भिंगऱ्या खाली आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हणाला, आई, तुझ्या फडक्यांनी माझं कंबरडं मोडलं. मी हसले. तो हसला नाही.

३ जुलै

पट्टी निघाली. तेव्हापासून रोज सकाळी सगळी दारं हिरवी. फेरी आता भिंगऱ्या स्वतः मारतो. फाटकावर ‘निर्धोक इमारत’ अशी पाटी लागलीय. पथकाची माणसं बाहेरूनच मान हलवून पुढे जातात.

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. नदीकाठच्या वस्त्या हलवल्या म्हणे. इथे फरशीला घाम फुटलाय, पुसला की पुन्हा येतो. भिंतीवरचं तळं खालून फुगलंय. हात लावला, गार लागलं.

७ जुलै

मास्तरीणबाईंना ताप. भिंतीला तोंड लावून बोलल्या. मी म्हटलं, उद्या फडकं बांधू नका, पथक येऊ दे. त्या म्हणाल्या, बांधायला हात तर उचलायला हवा ना.

८ जुलै

सकाळी त्यांच्या दाराला फडकं दिसलं. जीव भांड्यात पडला माझा. म्हटलं, उठल्या वाटतं. टकटक केली. उत्तर नाही.

भिंगऱ्याला फोन केला. तो म्हणाला, त्या पहाटेच भाचीकडे गेल्या, गाडी मीच करून दिली. तू डोकं शिणवू नकोस.

संध्याकाळी भिंतीत आवाज झाला. हलका. पुन्हा फोन केला. तो म्हणाला, नवी इमारत आहे आई, पाइप बोलतात.

बोलत असतील. त्याला जास्त कळतं.

९ जुलै

पाइप सकाळच्या चहानंतर बोलतात का?

बाहेर जाऊन पाहिलं. मास्तरीणबाई साधी सुरगाठ मारतात. ही माझी गाठ. उलट्या हाताची, टोक आत खोचलेलं. कडी घातलेली आहे आणि फडकं कडीतूनच ओवून आवळलंय. कुलूपसुद्धा लागलं नाही त्याला.

मी खोचलेल्या टोकाला हात घातला तेवढ्यात तो आला. ओरडला नाही. माझा हात अलगद काढून आपल्या हातात घेतला. म्हणाला, रविवारी मागच्या इमारतीचं बुकिंग आहे, तोवर पथक आत येता कामा नये. पुन्हा पट्टी लागली तर सूनबाईला दवाखान्यात कसं न्यायचं, तिचे दिवस भरत आलेत. मास्तरीणबाईंना खिडकीतून दूध देतोय मी, राक्षस नाहीये. मी म्हटलं, बाबा, त्या मरतील. तो म्हणाला, तू माझी आई आहेस की त्यांची?

मी आत आले. एका ओढीत सुटली असती ती. मी आत आले.

भिंतीवर टकटक केली. तिकडून लगेच आली. लगेच. कान लावूनच बसल्या होत्या.

१० जुलै

पथकाला मीच फोन केला. पलीकडचा माणूस गोड बोलला. म्हणाला, आजी, तुमची इमारत तर हिरवी आहे, तुमच्या सेक्रेटरींचा आत्ताच निरोप आलाय. नाव विचारलं त्यानं, मी सांगितलं.

अर्ध्या तासात भिंगऱ्या दारात. आई, फोन दे, रिचार्ज करून आणतो.

आणि मी दिला. सवय असते हो हाताला, पोरानं मागितलं की द्यायची.

११ जुलै

घसा धरलाय. अंग भट्टी झालंय. ठरवलं होतं, आज तो फेरी मारून गेला की मास्तरीणबाईंची गाठ सोडवायची. दार ओढलं. बोटभर उघडलं आणि अडलं.

फटीतून हिरवं दिसतंय.

बाहेरून म्हणाला, तुझ्याच भल्यासाठी आहे गं. रविवार होऊ दे, तुला वर नेतो. बाळाची झबली शिवायचीत ना तुला.

१२ जुलै

गिऱ्हाइकं आली. बाहेरच्या बाहेरच दाखवत होता. आमच्या आई इथेच राहतात, ठणठणीत आहेत. कोणीतरी बाई म्हणाली, बघा ना, फडकं किती छान बांधलंय.

मी दार बडवलं. घशातून आवाज निघेना म्हणून पुठ्ठ्याचा टीव्ही आपटला, टोपली आपटली, दोन्ही हातांनी बडवलं.

तो म्हणाला, आई शिवत बसलीय. जुनं मशीन आहे, फार वाजतं.

हसले सगळे. मीही असंच हसले होते ना, आल्या दिवशी.

१३ जुलै

वीज गेली. मास्तरीणबाईंची टकटक आता फार अंतरानं येते. मी विचारते, त्या सांगतात. मी विचारते —

दुपारपासून मीच विचारतेय.

१४ जुलै

फरशीच्या सांध्यांतून पाणी वर येतंय. दाराखालून नाही, खालून. काळं, विटांच्या चुऱ्याचं. माझ्या गल्लीचा वास आहे त्याला.

भिंतीवरचं चित्र सुटून पडलं. मागे नुसती ओली वीट. तळं खाली तरंगतंय, पालथं.

वर माणसं जिन्यानं पळतायत. सगळी वरच जातायत.

१५ जुलै

पाणी घोट्याच्या वर. बाहेर पाण्यात पावलं वाजली. पाऊल ओळखते मी त्याचं, चालायला लागल्यापासूनचं. म्हटलं, आला. आईला न्यायला आला.

भिंगऱ्या म्हटलं. पावलं थांबली.

हात कडीवर आला. फडकं हललं. मी फटीला डोळा लावला. त्याची बोटं दिसली, डाव्या हाताची. सोडवत नव्हता. भिजून सैल पडलं होतं, ते आवळत होता. म्हणाला, पथकाची होडी येणार आहे बघायला, हिरवं दिसायला हवं.

मी म्हटलं, बाळा, पाणी आलंय.

त्यानं टोक आत खोचलं. म्हणाला, रविवार गेला की, आई.

रविवार होऊन तीन दिवस झाले.

—

पाणी यंत्राच्या फळीला लागलंय. वही वर धरून लिहितेय.

कात्री फटीतून घातली. ओल्या बोटांतून निसटली, बाहेर पडली.

होडी आली. दिवा फिरला भिंतीवर. कोणीतरी म्हणालं, हिरवं आहे, चला पुढे. मी ओरडले. ओरडले असं मला वाटतं —

दोन बोटं जातायत फटीतून. गाठ लागतेय हाताला. खोचलेलं टोक वरच्या अंगाला आहे, तिथवर पोचत नाहीत. खालचं लोंबतंय ते धरलंय. दुहेरी शिलाई, फाटत नाही —

ओढतेय. ओढली की आवळते. मीच शिकवली त्याला, पडू नये म्हणून, सुटू नये म्ह