खुंटीवरची मीटरभर सुतळी

खालापूर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८०५

पुस्तकात दिलेल्या इंचांवरून आज मीटरभर सुतळी कापली. वारापेक्षा चार बोटं लांब! उद्या वर्गात तिचे दहा तुकडे करून डेसिमीटर दाखवायचा. गंमत वाटली, पण इथे सांगू कुणाला? गाठ मारून खुंटीला टांगली.

संध्याकाळी शेजारच्या ठकूबाई भाकरी घेऊन आल्या. इथे पोराच्या उंचीची सुतळी गाठ मारून शिंप्याकडे नेतात. त्यांनी खुंटीवरची माझी सुतळी जमिनीपासून ताणून धरली. "मास्तर, पोर येवढं झालं? कंदी सांगितलं नाय तुमी!"

माझं तर लग्नही झालेलं नाही. तसं सांगायला तोंड उघडलं, आणि म्हणालो काय, "हो, आता पळतो सगळीकडे." मूर्खपणा नुसता!

सुतळी खुंटीवरच आहे. उद्या कापायला दुसरी शोधायला हवी.