थेंबभर तेल

मी, मनकर्णा व्यंकटराव पतंगे, वय ४६, राहणार आखाडा बाळापूर, जिल्हा हिंगोली. माझं दुखणं आता हटणार नाही, हे मला ठाऊक आहे. डोकं मात्र शाबूत आहे. कोणाच्या दबावाखाली न येता हे लिहून ठेवते. माझ्यामागे याप्रमाणे व्हावं.

१. रस्त्यालगतचं गॅरेज, जॅक आणि सगळे पाने पुतण्या शिवहारला द्यावेत. पाटीवरचं ‘व्यंकटराव मेकॅनिक’ हे नाव त्याने पुसू नये.

२. राहतं घर माझी एकुलती लेक प्रतिक्षा हिचं. ती पुण्याहून येवो न येवो, घर तिचंच.

३. लोखंडी ट्रंकही तिचीच. तीत तिची हातभर लांबीची गाडी आहे. २००३ च्या खंडेनवमीला कॉलेजात बनवलेली ही गाडी घेऊन ती घरी आली होती. डिझेल नको, हायड्रोजन वायूवर चालायची. तिचे वडील हसले होते, “इंजिन न्हाई, धूर न्हाई. ह्याला गाडी म्हणतीस व्हय?”

“अण्णा, धुराच्या जागी पाणी पडतंय.”

“मंग गळका रांजण म्हण की!”

त्यांनी ती पूजेत मांडू दिली नाही. मला वाईट वाटलं. खंडेनवमीला घरातल्या प्रत्येक यंत्राला मी थेंबभर तेल पाजते. त्यांची पाठ वळली तेव्हा तिच्या गाडीतही सोडलं. लेकराची गाडी उपाशी कशी ठेवू? संध्याकाळी चारचौघांत तिने कळ दाबली. गाडी हललीच नाही. आत तेल सापडलं, त्यानेच ती बिघडली होती.

“अण्णा, तुमी केलं हे?”

त्यांनी माझ्या तेलकट बोटांकडे पाहिलं आणि म्हणाले, “व्हय, मीच.”

ती तशीच निघून गेली. मी खरं सांगायला धावले, तर त्यांनी अडवलं. “ऱ्हाऊ दे. माझ्यावर रुसली तर तुझ्याकडं तरी येत जाईल. माहेराला माय लागती.”

ती माझ्याकडे येत राहिली, त्यांच्याशी बोलली नाही. २००६ मध्ये ते गेले. मी तेव्हाही गप्प राहिले. पोरी, ते तेल माझं होतं.

४. त्यांचा लांब पेचकस प्रतिक्षाला द्यावा. त्याची मूठ कानाला लावून ते इंजिनाचं दुखणं ऐकत. गाडी ट्रंकेत ठेवण्याआधी त्यांनी तो तिच्यावरही टेकवला होता. काहीच ऐकू येत नव्हतं, तरी बराच वेळ ऐकत बसले.

५. नणंद जिवनबाई यांनी ‘बापाने लेकीचं वाटोळं केलं’ असं पाच वर्षं गावभर सांगितलं. त्यांना माझ्याकडचं काही देऊ नये. कलम तीन मात्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावं.

६. माझ्यामागे येईल त्या पहिल्या खंडेनवमीला शिवहारने ती गाडी पूजेत सगळ्यांत पुढे मांडावी. हळदकुंकू पाटावर वाहावं. गाडीत तेल कोणीही घालू नये.

स्वतः वाचून, समजून सही केली.

मनकर्णा व्यंकटराव पतंगे

साक्षीदार:
१. वसराम राठोड, जीपचालक
२. सुकन्या रखमाजी कदम, शिक्षिका

आखाडा बाळापूर, २० सप्टेंबर २००८