शेपटीची हजामत

प्रिय भिंगरी,

तुझ्या काकांनी काल माझ्या चहाला नावं ठेवली, तेव्हा घरची काळजी करू नकोस. शोभेच्या माशांच्या प्रदर्शनानंतर स्वारी तोंडाला कुलूप लावून बसली होती. दुकानातल्या माशांशी मात्र गप्पा चालू होत्या. अबोला फक्त माणसांशी.

त्या दिवशी मी मागे गर्दीत उभी होते. आपला निळा बेट्टा मासा शेपूट पसरून असा मिरवत होता, की लोक दुसऱ्या टाक्यांकडे बघेनात. परीक्षक म्हणून तू वाकलीस, टाकीमागून बॅटरीचा उजेड धरलास आणि हललीच नाहीस. मीही गर्दीतून पुढे सरकले. शेपटीतल्या काड्या टोकाकडे फाटे फुटत बारीक होत जातात, कड थोडी वरखाली असते, हे इतकी वर्षं टाक्या धुऊन मलाही कळतं. इथे सगळ्या काड्या एका रेषेत, जाडच्या जाड संपल्या होत्या आणि पुढे नव्याने फुटलेली पारदर्शक किनार होती. कात्रीचं काम! तू सख्ख्या काकांचा मासा बाद केलास, तोही आवाज न चढवता. माशाची हजामत काकांनी केली आणि भर सभागृहात काकांची तू. मला तुझा राग यायला हवा होता, पण ऊर भरून आला बघ.

काकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. मासा स्वतःचीच शेपूट चावायचा, कड फाटकी दिसायची. ती सारखी केली तर बिघडलं कुठे, आपण नखं कापतोच की, असं ते म्हणायचे. तू त्यांना बाजूला घेऊन सांगितलंस ते मी कान देऊन ऐकलं. नखाला रक्त नसतं, काका. आणि एवढी जड शेपूट त्याला ओढवत नाही म्हणून तो चावतो. तशी पैदास आपणच हौसेने केली, आता बक्षिसासाठी ती कापायचीही आपणच? बोलताना तुझे डोळे भरले होते, तरी निकाल तू बदलला नाहीस. मला तर तिथेच तुझी दृष्ट काढावीशी वाटली.

यापुढे तू परीक्षक होणार नाहीस, घरचं माणूस दुखावतं म्हणून, असं तू कळवल्याचं काल प्रदर्शनाच्या समितीकडून समजलं. काका तिरीमिरीत उठले, फोन लावला आणि ती नसेल तर माझा एकही मासा तिथे दिसणार नाही, असं त्यांना ठणकावलं. मग तुला लिहायला बसले. चार कागद फाडले, पण गाडी काही पुढे सरकेना. शेवटी पेन माझ्या हातात देऊन म्हणाले, बाकी तुला काय लिहायचं ते लिही, पण ती बरोबर होती, एवढं माझ्याकडून लिही.

तुझीच,
काकू