पहिल्या नंबरच्या रिकाम्या जागेबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सदुसष्ट, धंदा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्ती, हे मृत्युपत्र शुद्धीत, स्वखुशीने आणि चष्मा लावून लिहीत आहे. उजवा कान कामातून गेला आहे, डोकं नाही. कोणी दबाव आणलेला नाही. बायकोने दोन वाक्यं सुनावली, ती पुढे येतील.

१. राहती दोन खोल्यांची जागा, बँकेतली शिल्लक आणि दुकान बायकोच्या मालकीचं होईल. दुकान तिने खुशाल विकावं, फक्त वर्कबेंच आधी पुसून घ्यावं.

२. सोल्डरिंगची हत्यारं आणि मीटर शेजारच्या कुलूपवाल्याच्या मुलीला द्यावीत. तिचा हात स्थिर आहे. भाच्याला काही नाही. माझ्या आवडीच्या संगीताला तो चारचौघांत 'भांडी पडल्याचा आवाज' म्हणाला होता. मी विसरलेलो नाही.

३. आता वेल्डरविषयी. आमच्या बँडचा तो गायक, गिटारही तोच वाजवायचा. मी बेस वाजवायचो आणि औषधवाला ड्रम. 'भट्टीचं दार' हे गाणं वेल्डरने एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, पत्र्याच्या तुकड्यावर खडूने लिहिलं. मी तीस वर्षं वह्या भरल्या, त्यातली एक ओळ कोणाला आठवत नाही. त्याचे केस अजून काळे आहेत, हेही इथे नोंदवतो. मला त्याचा हेवा वाटत आला आहे. सौम्य शब्द शोधला, सापडला नाही.

माझी बायको इस्त्री करताना त्याचं गाणं गुणगुणते. बेसची चाल कोण गुणगुणणार म्हणा, पण तरी.

४. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी माझ्या दुकानात आम्ही चौघं बसतो: मी, वेल्डर, औषधवाला आणि कॅसेटवाली, जिचं कॅसेटचं दुकान कधीच बंद पडलं पण नाव राहिलं. जगातली सगळ्यात थोर दहा हेवी मेटल गाणी निवडायची, हा कार्यक्रम. प्रत्येक गाणं पूर्ण आवाजात, शेवटपर्यंत वाजतं. मधे जो बोलेल त्याचं मत बाद. मग पहिल्या नंबरासाठी प्रत्येकाला एक नट आणि एक वॉशर मिळतो. पसंत असेल तर डब्यात नट टाकायचा, नसेल तर वॉशर. उरलेला खिशात घालायचा, म्हणजे कोणी काय टाकलं ते कळत नाही. स्वतः लिहिलेल्या गाण्यावर मत नाही. दुसऱ्या नंबरपासून दहाव्यापर्यंत हात वर करून बहुमत चालतं, पहिल्याला मात्र एकमत लागतं. हा नियम मीच काढला.

कॅसेटवालीने पहिल्याच वर्षी 'भट्टीचं दार' पहिल्या नंबरासाठी सुचवलं. घरचं म्हणून डावलायचं का, असं तिचं म्हणणं. डब्यातून दोन नट आणि एक वॉशर निघाला. तेव्हापासून बावीस वर्षं दरवर्षी तेच निघतं, आणि आमच्या यादीत पहिल्या नंबरची जागा रिकामी आहे.

५. वेल्डरने ठरवून टाकलं की वॉशर औषधवाल्याचा. गाण्याचा मधला भाग रेंगाळतो, असं तो एकदा बोलून गेला होता, एवढाच पुरावा. बँड मोडला. औषधवाला अजून दरवर्षी येतो, मत टाकतो आणि वेल्डरशी एक शब्द न बोलता जातो. वॉशर कोणाचा हे त्याला माहीत असणार. त्याने तोंड उघडलं नाही, आणि मी चोराच्या उलट्या बोंबा नाही मारल्या तरी चोरासारखा गप्प बसलो.

६. वॉशर माझा होता. बावीसही वर्षं.

गाणं वाईट म्हणून नव्हे. मी आयुष्यभर ऐकलेल्या गाण्यांत ते सगळ्यात थोर आहे, आणि ते मला सुचलं नाही, म्हणून.

७. हे कोणालाच ठाऊक नाही, असं मी मागच्या महिन्यापर्यंत धरून चाललो होतो. डॉक्टरांनी तारीख न सांगता बरंच काही सांगितलं, त्या संध्याकाळी बायकोने कपाटातून काचेची बरणी काढून माझ्यापुढे ठेवली. आत नट होते. दर जानेवारीत माझा शर्ट धुवायला घेताना खिशात सापडलेले.

"बावीस झाले," ती म्हणाली. "एखाद्या वर्षी खिशात वॉशर सापडला असता तर मला बरं वाटलं असतं."

मी चहा घेतला.

८. सबब, ती बरणी वेल्डरला द्यावी. त्याने ती घेऊन औषधवाल्याच्या दुकानात जावं आणि काउंटरवर ठेवावी. माफी मला मागायची आहे, ती त्याने सहावं कलम वाचून दाखवून माझ्या वतीने मागावी. बेस गिटार औषधवाल्याला.

९. साक्षीदार म्हणून मी आधी वेल्डरलाच बोलावणार होतो. वकीलबाई म्हणाल्या होत्या की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, आणि मला नेमकं तेच हवं होतं. कच्च्या मसुद्यात त्याचं नाव आहे, ते खोडलं आहे. त्याला सहीला बोलावू नये.

१०. या कागदाला एक नट दोऱ्याने बांधला आहे. हे पहिल्या नंबरासाठी माझं मत. माझ्या पश्चात येणाऱ्या जानेवारीत गाणं शेवटपर्यंत वाजवावं आणि मग हा नट डब्यात टाकावा. आत्ता का नाही, असं कोणी विचारेल. जिवंतपणी त्याच्या तोंडावरचा तो आनंद बघणं माझ्याच्यानं होणार नाही. इतका मी सुधारलेलो नाही.

११. मला नेताना निळा शर्ट घालावा. त्याआधी बायकोने नेहमीप्रमाणे खिसा तपासावा. आत वॉशर असेल. तो राहू द्यावा.

सही: अ‍ॅम्प्लिफायरवाला
साक्षीदार: १) कुलूपवाला, शेजारचं दुकान २) वकीलबाईंची टायपिस्ट, जिला हे संगीत अजिबात आवडत नाही
स्थळ: माझं वर्कबेंच
दिनांक: ९ डिसेंबर